‘स्पॅम’ या संज्ञेची व्याप्ती

ई-मेलच्या व्यवहारात ‘स्पॅम’ ही संज्ञा सर्रास योजली जाते. परंतु तिची व्याप्ती ठरविताना पुष्कळदा गल्लत होते. जे पत्र त्रासदायक ते स्पॅम, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हे नाव मूळचे डबाबंद मांसाचे. १९३७ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या या पदार्थाचे नाव १९७० मधील एका ब्रिटिश विनोदी प्रवेशात इतक्या वेळा उच्चारले जाते की, इतर संभाषण त्यात बुडून जाते. हाच अर्थ पुढे संगणकक्षेत्रात रूढ झाला. मात्र वस्तू या अर्थाहून जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी आर्पानेट या संगणकजालावरील सुमारे ४०० जणांस एका कंपनीची जाहिरात न मागता धाडण्यात आली होती.

स्पॅमची लक्षणे दोन : अनाहूतता आणि घाऊकपणा. दोन्ही एकत्र असावी लागतात. देवळ्यातील महाविद्यालयाने सर्व विद्यार्थ्यांस परीक्षेचे वेळापत्रक पाठविले, तर ते घाऊक खरे, पण अनाहूत नव्हे. अपरिचित अभ्यासकाने एखाद्या प्राध्यापकास शंका विचारली, तर ती अनाहूत असूनही घाऊक नव्हे. कांदा-उत्पादकाने मागितलेले बाजारभाव रोज आले तरी ती सेवाच होय. परंतु त्याचा पत्ता परस्पर मिळवून विक्रेत्याने शेकडो जणांस बियाण्याची जाहिरात पाठविली तर ती स्पॅम, मग बियाणे उत्तम का असेना!

‘त्रास’ हा निकष किती निसरडा आहे, हे आपल्या कायद्याच्या इतिहासावरून दिसते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६-अ अन्वये त्रास देण्याच्या हेतूने पाठविलेला ई-मेलही गुन्हा ठरत असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, तेव्हा याच कलमाचा आधार घेण्यात आला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संदिग्ध व अभिव्यक्तिस्वातंत्र्यास बाधक म्हणून रद्द केले. उलट, दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी व्यापारी दूरध्वनी व लघुसंदेशांपुरता ग्राहकाच्या संमतीचा निकष स्वीकारला.

तात्पर्य, स्पॅम हा मजकुराच्या अर्थाचा गुण नसून प्रेषक व ग्राहक यांच्या संबंधाचा गुण आहे. केवळ शब्द चाळून पत्रे वेगळी करणारे यंत्र म्हणूनच कधी कधी चुकते. आणि केवळ रुचीवर विसंबणारा वाचकही.