गारपीट, पीकविमा आणि ॲव्हरेजचा घोळ

बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यात बीबी नावाचं गाव आहे. तिकडे रब्बीत हरभरा, गहू. गारा बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतात, म्हणजे नेमका हरभरा सोंगणीला आलेला असताना. 2014 मध्ये तर विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीने हाहाकार केला होता. 'मग विमा काढला होता ना, पैसे मिळतीलच की!' असं मेसमध्ये कोणीतरी म्हणतंच. मित्रांनो, इथे थोडं गणित आहे. घाबरू नका, एम-थ्रीपेक्षा सोपं आहे.

प्रधानमंत्री पीकविमा योजना 2016 च्या खरिपात सुरू झाली. रब्बीला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त दीड टक्का, बाकीचा सरकार भरतं. पण मूळ हिशोब एकेका शेताचा नसतो, अख्ख्या महसूल मंडळाचा असतो. मंडळात किमान दहा पीक कापणी प्रयोग करून यंदाचं सरासरी उत्पन्न काढतात. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणलं की उंबरठा उत्पन्न मिळतं.

समजा ही सरासरी हेक्टरी 10 क्विंटल आणि जोखीमस्तर 70 टक्के. उंबरठा झाला 7. यंदा मंडळात 5.6 क्विंटल निघाले, तर तूट 1.4, म्हणजे उंबरठ्याच्या 20 टक्के. विमा रक्कम 30,000 असेल तर भरपाई 6,000 रुपये. आणि मंडळात 8 क्विंटल निघाले तर? शून्य. तुमचा हरभरा सगळा झोडपला गेला असला तरी शून्यच!

गारांचा पट्टा अरुंद असतो. नाल्याच्या अलीकडे सगळं भुईसपाट, पलीकडे पीक डोलतंय. दहा सॅम्पलमध्ये तो पट्टा सापडेलच असं नाही. (स्टॅटिस्टिक्सवाल्यांना सांगायला नकोच.) म्हणूनच योजनेत 'स्थानिक आपत्ती' हे कलम होतं. 72 तासांत कळवायचं, मग शेतावर येऊन पाहणी, आणि त्या दिवसापर्यंत झालेल्या खर्चाच्या प्रमाणात त्या एका शेतकऱ्याला पैसे. माझ्या मते सगळ्या योजनेतला हाच भाग गारपिटीसाठी खरा कामाचा.

2025 च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयाचा विमा बंद केला, आणि त्याचबरोबर हे कलमही काढून फक्त कापणी प्रयोगावरची भरपाई ठेवली. बोंब झाली ती रुपयाची, कलमाबद्दल मात्र कमी लोक बोलले.

सरकारी मदत वेगळी, तिचा विम्याशी संबंध नाही. नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तर ती मिळू शकते. तिथे पंचनामा तुमच्याच शेताचा होतो. तेव्हा सुट्टीत घरी असताना गारा पडल्या तर आधी तलाठ्याला गाठा, आणि पंचनाम्याआधी शेत नांगरू नका.