डाव छोटा, गोडी मोठी

काही व्हिडिओ गेम संपवायला महिने लागतात. काही मात्र एका बैठकीत संपतात, तरी पुन्हा नवा डाव मांडावासा वाटतो. ‘सबसेट गेम्स’चा २०१८ साली आलेला ‘इन्टू द ब्रीच’ हा त्याचा उत्तम नमुना.

पट बुद्धिबळासारखाच, ८ बाय ८ घरांचा. आपल्याकडे तीन लढाऊ यंत्रं, समोर महाकाय किडे. किडा कुठे वार करणार, हे आधीच दिसतं. समजा, त्याने एका इमारतीवर नेम धरलाय. त्याला मारायलाच हवं असं नाही. एक घर बाजूला ढकललं की तोच वार दुसऱ्या किड्यावर बसू शकतो! अशी युक्ती साधली की होणारा आनंद काही वेगळाच.

नकाशे आणि शत्रू दर वेळी बदलतात, म्हणून पाठांतर कामाला येत नाही. खेळातल्या चार बेटांपैकी दोन किड्यांपासून वाचवली की शेवटच्या लढाईला जाता येतं. हरलो तरी यंत्राचा एक चालक त्याच्या अनुभवासह पुढच्या डावात नेता येतो. पण खरी शिदोरी असते ती आपल्याला आलेली समज. हरल्यावरही पत्ते पुन्हा पिसावेसे वाटतात, तसाच हा डावही पुन्हा मांडावासा वाटतो, तो ही समज आजमावून पाहण्याच्या ओढीने.