सुजलेल्या मनगटाला बांगडीही का सोसत नाही?

ताईंनो, दिवसभर कांड्या भरून नाहीतर शिलाई करून मनगट सुजलं, की नुसती बांगडी घासली तरी कळ येते. घरचे म्हणतात, "एवढ्याशानं काय होतंय?" पण हे नाटक नसतं, कळ खरी असते.

सुजलेल्या जागी शरीर दुरुस्तीला लागतं. तिथं रक्त जास्त येतं, जागा गरम होते. तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सोडतात आणि दुखणं कळवणाऱ्या नसांची टोकं हळवी होतात. एरवी जोरात लागलं तरच मेंदूला निरोप देणारी नस मग हलक्या स्पर्शालाही निरोप धाडते. एरवी साधारण ४३ अंशांपुढचं पाणी पोळतं. सुजेवर त्याहून कोमट पाणीही पोळतं. मिरचीची आगही याच टोकांना जाणवते. ते कसं, याच्या शोधाला २०२१ चं नोबेल मिळालं. शरीर सांगत असतं, 'हा हात जरा जप.'

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, म्हणून आराम पडतो. पण पोटाच्या आतल्या अस्तराला तेच सांभाळतं. म्हणून मेडिकलमधून आणून रोज, त्यातही उपाशीपोटी, गोळी घेऊ नका. पोटात जखम होते, मूत्रपिंडालाही त्रास होऊ शकतो. शिवाय कळ दबते आणि सुजलेला हात राबतच राहतो.

हाताला विसावा द्या, कापडात गुंडाळून बर्फ लावा. आठवड्यात सूज उतरली नाही, बोटं बधिर झाली किंवा ताप आला तर आयजीएम रुग्णालयात दाखवा. गटाच्या बैठकीत एकमेकींना विचारा, 'हात कसा आहे?'