वांकिडीच्या उन्हात लिनपॅक

राजुऱ्याहून आसिफाबादच्या वाटेला लागलं आणि महाराष्ट्राची हद्द ओलांडली की पुढे वांकिडी येतं. पऱ्हाटीचा मुलूख. इथे मराठी नि तेलुगू एकाच ओट्यावर बसून बोलतात. समजा, इथल्या एखाद्या घरात टेबलाखाली 16 कोअरचा, लिनक्सवर चालणारा दणकट कंप्यूटर आहे. तो किती ताकदीचा, हे ओळखायचं कसं? डब्यावरच्या जाहिरातीवर कोण विश्वास ठेवतो!

त्याला गणित घालायचं. लिनपॅक नावाची ही कसोटी अमेरिकेतले गणिती जॅक डोंगारा यांच्यामुळे 1979 पासून रूढ झाली. शाळेत आपण क्ष आणि य काढायचो ना, तेच. फक्त इथे समीकरणं 40,000 आणि अज्ञात संख्याही 40,000. नुसते आकडे मांडून ठेवायलाच जवळपास 13 जीबी मेमरी लागते. बेरीज-वजाबाकी-गुणाकार मिळून क्रिया होतात सुमारे 43 लाख कोटी. एखाद्या माणसाने न झोपता सेकंदाला एक क्रिया केली, तर साडेतेरा लाख वर्षं लागतील. टेबलाखालचा खोका सेकंदाला लाख कोटींच्या आसपास क्रिया उरकतो. म्हणजे काम 43 सेकंदांचं. चहा अजून उतू गेलेला नसतो.

आता जून 2003 मध्ये जाऊ. जगातल्या 500 सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत पुण्याच्या सी-डॅकने बांधलेला परम पद्म 171व्या क्रमांकावर होता. त्यात एक गिगाहर्ट्‌झचे 248 पॉवर4 प्रोसेसर होते आणि त्यावर चालायची एआयएक्स ही लिनक्ससारखीच युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली. लिनपॅकवर त्याने 532 गिगाफ्लॉप, म्हणजे लाख कोटीच्या निम्म्याहून किंचित जास्त वेग गाठला होता. आपलं गणित सोडवायला त्याला 80 सेकंद लागले असते. देशाचा मान असलेलं ते यंत्र आज एका टेबलाखाली मावतं, आणि वर पाय ठेवायला जागा उरते.

वेळ मोजायला युनिक्समध्ये टाइम नावाची जुनी, साधी आज्ञा आहे. ती तीन आकडे देते, आणि पहिल्यांदा बघणारा चक्रावतोच: रिअल 43 सेकंद, यूजर साडेअकरा मिनिटं! घड्याळ खोटं की यंत्र? निंदणाला जाणाऱ्या बायांना विचारा. सोळा जणींनी एका दिवसात रान निंदून काढलं, तर सूर्य एकदाच मावळला, पण मजुरी सोळा दिवसांची झाली. रिअल म्हणजे सूर्य, यूजर म्हणजे सोळा कोअरची मिळून मजुरी. तिसरा आकडा सिस. तो मुकादमाचा, म्हणजे कामाची व्यवस्था लावताना खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमने घेतलेला वेळ. लिनपॅकमध्ये तो नगण्य असतो. हजारो बारीक फायली उघडायच्या-मिटायच्या कामात मात्र हाच मुकादम बराच दिवस खातो.

खरी मौज मे महिन्यात. असे प्रोसेसर साधारण 95 अंशांवर पोचले की स्वतःच वेग उतरवतात. उष्णता बाहेर किती वाहणार, हे आतल्या आणि खोलीतल्या तापमानाच्या फरकावर ठरतं. खोली 25 अंशांची असेल तर फरक 70. वांकिडीत दुपारी खोलीतच 42 अंश असतील तर फरक उरतो 53. तोच पंखा, तोच हीटसिंक, पण उष्णता वाहून नेण्याची त्यांची ताकद जवळजवळ पाव हिश्शाने घटली. म्हणून माझ्या मते खोलीचं तापमान न सांगता टाकलेला बेंचमार्कचा आकडा निम्माच आकडा असतो. डिसेंबरच्या पहाटेचा आणि मेच्या दुपारचा निकाल एकाच यंत्राचे म्हणून शेजारी ठेवू नयेत.

त्यातही एक गंमत. प्रोसेसरने ओढलेली सुमारे 200 वॅट वीज शेवटी सगळी उष्णताच होते. उत्तराचे 40,000 आकडे पडद्यावर येतात, वीज मात्र खोलीतल्या हवेत विरते. दार-खिडक्या लावून तीच चाचणी सलग घेत राहिलात, तर खोली हळूहळू तापते, फरक आणखी आटतो, आणि विसाव्या खेपेला 43 सेकंदांची पन्नास झालेली दिसू शकतात. यंत्राने गणितं सोडवता सोडवता स्वतःपुरता एक वेगळा मे महिना तयार केलेला असतो.