नवे ग्राफिक्स कार्ड, मंदावलेले रेंडरिंग

चातुर्मास संपून तुलसीविवाह पार पडला की कोल्हापुरातील मंगल कार्यालयांइतकीच लगबग चित्रीकरण-व्यावसायिकांच्या स्टुडिओंतही सुरू होते. विवाह, पंचकल्याणक प्रतिष्ठा महोत्सव, दीक्षा समारंभ यांचे चित्रीकरण आता प्रायः फोर-के स्वरूपात केले जाते. पावसाळ्याच्या निवांत महिन्यांत संगणकाची सुधारणा उरकून घ्यावी, हा या व्यवसायातील सोयीचा शिरस्ता. त्यातच कधीतरी नवे ग्राफिक्स कार्ड येते; तीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम त्यात गुंतते. आणि हंगामातील पहिलीच फिल्म करावयास घ्यावी, तर दीड तासात होणारे काम दोन-अडीच तासांवर गेलेले आढळते. विक्रेता म्हणतो कार्ड निर्दोष आहे, सॉफ्टवेअरचा जाणकार म्हणतो सॉफ्टवेअर निर्दोष आहे. हत्ती आणि आंधळ्यांची कथा ज्या समाजात बालपणीच सांगितली जाते, त्याला हा प्रसंग अपरिचित वाटू नये.

चित्रपट-यंत्रांशी झुंजणे या नगरीला नवे नाही. बाबूराव पेंटर यांनी येथेच स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही 1929 मध्ये कोल्हापुरातच झाली. 1933 मध्ये ती पुण्यास गेली. त्या काळी फिल्मचा तुकडा हाताने कापून जोडला जाई व विलंब कोठे होतो ते डोळ्यांना दिसे. आज तो पेटीच्या आत होतो, म्हणून पेटीतील काम समजून घेणे भाग आहे.

सेकंदाला 25 चित्रे या गतीने एका तासाच्या फिल्ममध्ये 90 हजार चित्रे असतात आणि फोर-के चित्रात सुमारे 83 लाख बिंदू. रेंडरिंग म्हणजे या प्रत्येक चित्रावर तीन संस्कार करणे. कॅमेऱ्याने दाबून साठविलेले चित्र प्रथम उलगडायचे, मग त्यावर रंगसंगती, अक्षरे, संक्रमणे चढवायची आणि शेवटी ते पुन्हा दाबून नव्या फाइलमध्ये भरायचे. ग्राफिक्स कार्डाची खरी हुकमत मधल्या टप्प्यावर असते. पहिला आणि तिसरा टप्पा कार्डातील स्वतंत्र मंडले करू शकतात, परंतु फाइलचा प्रकार त्यांना मानवणारा असेल तरच. नाहीतर तो भार मुख्य प्रोसेसरवर पडतो.

गुऱ्हाळ पाहिलेल्या वाचकास हे चटकन उमगेल. चरक दुप्पट मोठा बसविला, पण काहील एकच ठेवली, तर रस पिंपात साचून राहतो. गूळ वाढत नाही. समजा, एका फिल्मला 60 मिनिटे लागतात आणि त्यांतील 40 मिनिटे प्रोसेसर चित्रे उलगडण्यात घालवतो. कार्ड दुप्पट वेगाचे घेतले तरी उरलेल्या 20 मिनिटांची 10 होतील आणि एकूण वेळ 50 मिनिटांवर थांबेल. विक्रेत्याच्या ‘दुप्पट वेग’ या शब्दांत असत्य काही नसते, केवळ अर्धे सत्य असते.

परंतु वेग वाढला नाही हे एक, आणि पूर्वीपेक्षा घटला हे दुसरे. या दुसऱ्या प्रकाराचे एक कारण पुष्कळदा नजरेतून सुटते. व्यावसायिक कॅमेरे अलीकडे ‘दहा-बिट 4:2:2’ प्रकारात चित्रण करतात. त्यात रंगाची माहिती सामान्य 4:2:0 प्रकाराच्या दुप्पट असते, त्यामुळे शालूचा जरीकाठ किंवा अभिषेकाच्या वेळचा केशरी रंग नंतर सुधारताना चित्र फाटत नाही. मात्र एच.265 पद्धतीने दाबलेले असे चित्र उलगडणारे मंडल एनव्हीडियाच्या आरटीएक्स 40 आणि त्याआधीच्या मालिकांतील कार्डांत नाही. ते 2025 मध्ये आलेल्या आरटीएक्स 50 मालिकेपासून मिळते. याउलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स असेल, तर हे काम ते अंगभूत मंडल सहज करते. म्हणजे जुन्या व्यवस्थेत हा अबोल नोकर निमूटपणे राबत होता. नवे कार्ड बसविताच अनेक मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. नोकर रजेवर गेला, नव्या पाहुण्यास ते काम येत नाही, आणि सगळा बोजा प्रोसेसरच्या शिरावर आला. संगणकाच्या बायोसमध्ये जाऊन अंगभूत ग्राफिक्स पुन्हा चालू केले, त्याचा ड्रायव्हर घातला आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उलगडण्याचे काम त्याच्याकडे दिले, की हा दोष एका पैशाच्या खर्चाविना दूर होतो. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर आहे, त्यात मात्र हे मंडलच नसते. तेथे मूळ फाइलींवरून एडिटिंगला हलक्या अशा प्रॉक्सी प्रती करून घेणे हा मार्ग उरतो. त्याने एडिटिंग सुसह्य होते. अंतिम रेंडरिंग मूळ फाइलींवरूनच होत असल्याने तेथील वेळ फारसा वाचत नाही.

दुसरे कारण साधे आहे. कार्ड बदलल्यावर प्रीमियर प्रोसारख्या सॉफ्टवेअरमधील प्रोजेक्ट कधी कधी कार्डाची मदत सोडून ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ या पर्यायावर जाते. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये तो बदलता येतो. तसेच निर्यात करताना ‘टू-पास’ पर्याय निवडलेला असल्यास दाबण्याचे काम कार्डाऐवजी प्रोसेसरच करतो. चित्राची प्रत त्याने किंचित सुधारते हे खरे, पण व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या विवाहफितीसाठी एवढा वेळ खर्चण्यात अर्थ नाही.

निदानासाठी विंडोजचा टास्क मॅनेजर पुरेसा आहे. रेंडरिंग चालू असताना त्यातील परफॉर्मन्स विभाग उघडावा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि कार्ड दहा-पंधरा टक्क्यांवर दिसले, तर अडथळा वर सांगितलेल्या कारणांत आहे. दोन्ही निवांत आणि डिस्क शंभर टक्क्यांवर दिसली, तर फाइली जुन्या बाह्य हार्ड डिस्कवरून वाचल्या जात आहेत. त्या एसएसडीवर घ्याव्यात. कार्डाचा ‘व्हिडिओ डिकोड’ हा आलेख पूर्ण शांत असेल, तर उलगडण्याचे काम कार्ड करीत नाही, हे निश्चित.

जुना ड्रायव्हर मागे राहिला असल्यास तो समूळ काढून एनव्हीडियाचा ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर घालणे हितावह. कार्ड वरच्या मुख्य खाचेतच बसवावे, कारण दुसऱ्या लांब खाचेला अनेक मदरबोर्डांवर चारच वाहिन्या जोडलेल्या असतात. मॉनिटरची तार कोठे जोडली आहे ते पाहा, असाही सल्ला हटकून मिळतो; रेंडरिंगच्या वेगाशी तिचा संबंध अल्प. काम मध्येच थांबून संगणकच बंद पडत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. आरटीएक्स 4060 हे कार्ड 115 वॅटपर्यंत वीज घेते आणि त्यासाठी 550 वॅटचा पुरवठा सुचविलेला आहे.

यांतील कशालाही हात लावण्यापूर्वी मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घ्याव्यात आणि त्यांतील एक स्टुडिओबाहेर ठेवावी. लग्नातील राहिलेला फोटो एखादे वेळी पुन्हा काढता येईल. केशलोचाचा क्षण पुन्हा मागता येत नाही. त्यानंतर नेहमीच्या चित्रणातील एक मिनिटाचा तुकडा ठरवून घ्यावा. प्रत्येक वेळी एकच बदल करावा, तोच तुकडा रेंडर करावा आणि लागलेले सेकंद वहीत जमा-खर्चासारखे मांडत जावे. नवे कार्ड घेण्याआधी ही वही उघडली असती तर ती खरेदी करावी लागली असती का, याचेही उत्तर बहुधा तिच्या पहिल्या पानावरच मिळते.