इतिहासाचा तास आणि ध्वनिमुद्रिका

आधुनिक भारताचा इतिहास शाळेत शिकविला जातो तो बहुधा मुकाच असतो. वंगभंग, असहकार, चलेजाव, स्वातंत्र्य या पायऱ्या विद्यार्थी मुखोद्गत करतो. परंतु त्या त्या काळी माणसे काय ऐकत होती, कोणती चाल गुणगुणत होती, हे त्यास कोणी सांगत नाही. अशोकाच्या काळचा आवाज मिळणे शक्य नाही, शिवकालाचाही नाही. विसाव्या शतकाची गोष्ट निराळी आहे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ मध्ये निघाला. त्यामुळे आरंभापासून अखेरपर्यंत ज्याचा आवाज मागे राहिला, असे हे पहिलेच शतक. त्या शतकाचा अभ्यास करताना कान बंद ठेवावेत, यास सवयीवाचून दुसरे कारण दिसत नाही.

मात्र वर्गात गाणे वाजविले की इतिहास शिकवून झाला, असे नव्हे. तसे केल्यास मुले खूश होतील, तास बरा जाईल आणि हाती काही लागणार नाही. गाणे हे दस्तऐवजाप्रमाणे वाचावे लागते. ते कोणी केले, कोणत्या यंत्रावर केले, कोणाच्या पैशाने केले, कोणी विकत घेतले आणि सरकारने त्याचे काय केले, हे प्रश्न विचारल्याखेरीज गाणे बोलत नाही.

जुनी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी मिळाली, तर शिक्षकाने ती वाजविण्यापूर्वी मुलांच्या हाती द्यावी. ती जड असते आणि पडली तर फुटते. ती लाख वापरून केलेली असते. लाख हा एका किड्याचा स्राव. छोटा नागपूरच्या जंगलांतून ती गोळा होई आणि जहाजाने युरोपात जाई. फ्रेड गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. त्या मुद्रणांवरून तबकड्या निघाल्या त्या जर्मनीत, हॅनोव्हर येथे. आणि तेथून त्या विक्रीसाठी पुन्हा हिंदुस्थानात आल्या. कच्चा माल येथला, गळा येथला, गिऱ्हाईकही येथलेच. केवळ कारखाना परका. वसाहतीच्या अर्थकारणावर दादाभाई नौरोजींनी जे विवेचन केले, त्याचे एवढे आटोपशीर उदाहरण दुसरे सापडणे कठीण. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला.

आता तबकडी वाजवावी. गाणे तीन मिनिटांच्या आसपास संपते. दहा इंची तबकडीवर याहून अधिक मावतच नसे. रात्रभर चालणाऱ्या मैफलीतील ठुमरी किंवा ख्याल एवढ्या जागेत बसवायचा, तर आलापी आखडती घ्यावी लागे आणि बंदिश लवकर मांडावी लागे. मायक्रोफोन १९२५ नंतर आला. तोपर्यंत गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे. चित्रपटगीत तीनच मिनिटांचे का, या प्रश्नाचे मोठे उत्तर या तबकडीतच आहे. यंत्राने कलेला घातलेले कुंपण यंत्र बदलल्यावरही कसे टिकून राहते, हे मुलांना येथे दिसते. गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगते, ते ऐकून वर्गात हमखास हसू फुटते. परदेशातील कारागिरांना मुद्रिका कोणाची ते कळावे म्हणून ही घोषणा असे, असा तिचा उलगडा सामान्यतः केला जातो. हसू ओसरल्यावर आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. आरंभीच्या मुद्रिकांत तवायफांचेच आवाज इतके का? कुलीन घरांतील स्त्रिया त्या काळी चारचौघांत गात नसत, आणि अनेक नामांकित उस्ताद यंत्रापुढे गाण्यास नाखूश असत. समाजाने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्याच स्त्रियांनी नव्या यंत्राचा धोका प्रथम पत्करला.

वंगभंगाची चळवळ १९०५ ची. पाठ्यपुस्तकात विलायती कापडाची होळी येते. पण कलकत्त्यातील एच. बोस, ज्यांचे ‘कुंतलीन’ हे केशतेल त्या काळी प्रसिद्ध होते, त्यांनी स्वदेशी भावनेने ध्वनिमुद्रणाचाही उद्योग मांडला आणि खुद्द रवींद्रनाथांचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर उतरविला. मेण झिजते, वितळते, त्याला बुरशी धरते. त्या नळकांड्यांतील फार थोडी वाचली. साधने अशीही नष्ट होतात, हे विद्यार्थ्याने जाणले म्हणजे इतिहासकाराच्या अडचणी त्यास कळू लागतात.

दोन गाण्यांची जोडी तर वर्गासाठी मुद्दाम घडविल्यासारखी आहे. दोन्ही कवी प्रदीप यांची. पहिले १९४३ च्या ‘किस्मत’ या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटातील, अनिल विश्वास यांनी स्वरबद्ध केलेले. चलेजावचे पुढारी तेव्हा तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर निर्बंध होते. गाण्यात परक्यांना देशाबाहेर राहण्याचा इशारा आहे. परंतु नावे घेतली आहेत ती जर्मन आणि जपानी यांची. इंग्रजांचे युद्ध त्यांच्याशीच चालले असल्यामुळे आक्षेप घ्यावा कसा? प्रेक्षकांनी मात्र अर्थ नेमका ओळखला. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. दुसरे गाणे वीस वर्षांनंतरचे. चीनशी झालेल्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लता मंगेशकर यांनी ते गायिले, चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांची. पहिल्या गाण्यात शत्रू कोण हे लपवावे लागले. दुसऱ्यात शत्रूपेक्षा पडलेल्या जवानांचाच विचार अधिक. पारतंत्र्य आणि स्वराज्य यांतील अंतर या दोन चालींत ऐकू येते.

येथे शिक्षकाने सावध असावे. या गाण्यांभोवती कथांचे दाट जाळे आहे. प्रदीपना भूमिगत व्हावे लागले, नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले, इत्यादी. यांतील काही कथा खऱ्याही असतील. पण ‘हे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिले?’ हा प्रश्न मुलांनी विचारावा, यासाठीच तर हा खटाटोप. गहिवर आला म्हणून प्रमाण सिद्ध होत नाही.

तंत्रविद्या आणि राजकारण यांची गाठ कशी पडते, हे पाहायचे तर रेडिओ सिलोनची हकीकत सांगावी. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या आग्नेय आशियातील फौजांसाठी सिलोनमध्ये एक बलाढ्य लघुलहरी केंद्र उभारले गेले. युद्ध संपले, फौजा गेल्या, यंत्र मागे उरले आणि सिलोन सरकारच्या हाती आले. इकडे १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना मनस्वी अभिमान होता आणि चित्रपटगीतांचा तितकाच तिटकारा. गीतासोबत चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, म्हणून ते सांगणे बंद झाले. निर्मात्यांनी परवानगी काढून घेतली. आणि आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काटा फिरवला. डिसेंबर १९५२ मध्ये सिलोनवरून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिने काबीज केली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीस ‘विविध भारती’ काढावी लागली. केसकरांची थट्टा करणे सोपे आहे. पण संस्थानांचा आश्रय तुटलेल्या असंख्य गायक-वादकांना त्याच आकाशवाणीने त्या दशकात पोसले, हेही त्याच धड्यात सांगितले पाहिजे. लोकांची अभिरुची सरकारने घडवावी काय, यावर आठवीच्या वर्गात झडलेला वाद हा नागरिकशास्त्राच्या चार प्रकरणांहून मोलाचा ठरेल.

मराठी वर्गात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीस कान द्यावाच लागेल. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘मैने’च्या छक्कडीत विरहिणीचे जुने रूपक मुंबई आणि सीमाभाग यांच्या दुराव्यास लावले आहे. तिला मायक्रोफोन नसला तरी चाले. डफ, तुणतुणे आणि मैदानावरची गर्दी पुरे होई. सर्वच लोकप्रिय संगीत यंत्रातून आले नाही, हेही ध्यानात ठेवणे बरे.

आज ही बहुतेक गाणी भ्रमणध्वनीवर क्षणात मिळतात. शिक्षकाची सोय झाली, पण एक वस्तू हरवली. तबकडीच्या मध्यभागी कागदाची चकती असे. तिच्यावर कंपनी, क्रमांक, भाषा आणि गायकाचे नाव छापलेले असे. भ्रमणध्वनीवर पुष्कळदा वर्ष चुकीचे असते आणि कवीचे नाव तर नसतेच. म्हणून पहिला गृहपाठ असा देता येईल: घरातील वडीलधाऱ्यांना लहानपणचे एक गाणे विचारावे, ते कोठे ऐकले, रेडिओ कोणाच्या घरी होता, बाहेर उभे राहून कोण ऐकत असे, हे लिहून घ्यावे, आणि मग वहीत त्या गाण्याची हरवलेली चकती स्वतःच्या हाताने काढावी.