शेण कोण बघतो?

गुरांच्या आमच्या जुन्या दवाखान्यातला मायक्रोस्कोप गेल्या महिन्यात भंगारात गेला, किलोच्या भावानं. तेव्हापासून डोक्यात रेडकंच आहेत.

नोकरीची पहिली वर्षं लसीकरणाचे तक्ते भरण्यात गेली, त्यांचं काय सांगायचं? मन घुटमळतं ते १९८० नंतरच्या दहा वर्षांत. दुधाचा पैसा दिसू लागला, गोठ्यात म्हशी वाढल्या आणि महिन्याभराची रेडकं पटापट मरू लागली. पोट नगाऱ्यासारखं, शेण चिकणमातीसारखं पांढुरकं. रेडी आजारी असेल तर मध्यरात्री दार वाजायचं. रेड्यासाठी कुणी दुपारीही यायचं नाही. घरची म्हातारी रेडकाच्या तोंडाशी नाक नेऊन म्हणायची, "खवट लोण्यागत वास येतोय, जंतच हायत." बहुतेकदा तिचं खरं निघे.

तरी मी शेण बघायचोच. मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात ढवळायचं, त्यात शेण कालवून चहाच्या गाळणीनं गाळायचं, नळी काठोकाठ भरून वर काच ठेवायची. पंधरा-वीस मिनिटांत अंडी तरंगून काचेला चिकटतात. टॉक्सोकॅरा या जंताचं अंडं शिंप्याच्या अंगुस्तानासारखं, खळग्याखळग्यांचं. या जंताच्या अळ्या म्हशीच्या अंगात दबा धरून असतात आणि चिकातून, दुधातून रेडकात उतरतात. हे सांगितलं तर लोकांनी चीकच तोडला! मग दारोदार उलटं सांगत फिरलो: चीक पोटभर पाजा, औषध दोन आठवड्यांच्या आसपास द्या. तेव्हा पायपरझीनवर भागायचं.

आमचे साहेब मला चारचौघांत 'शेणवाले डॉक्टर' म्हणायचे. "आधी औषध पाजा, नाव नंतर शोधा," हा त्यांचा खाक्या. एकदा घाईत मीही तेच केलं. रक्ती हगवण लागलेल्या रेडीला न तपासता जंताचं औषध पाजलं. ती तिसऱ्या दिवशी गेली. मग शेण काचेखाली धरलं तर कॉक्सिडियाच कॉक्सिडिया. त्या एकपेशीय परजीवींना जंताच्या औषधाचं काय होय, सल्फा हवं होतं. मालकानं फी दिली, तीही हातात धरवेना.

साहेब बढती घेऊन गेले. खाक्या मात्र गावोगाव राहिला. परवा पुतण्याचा फोन आला. रेडकू हगतंय, दुकानदारानं बाटली दिलीय, किती पाजू?

"शेणाचा रंग कसला?"

"ते नाही बघितलं, काका. बाटलीवरचं वाचून दाखवू?"